लोंबतं काही नको

पोतं टेबलावर ठेवताना त्या मुलीचे हात इतके थरथरत होते, की भाऊजींनी आपला चहाचा कप आधी उचलून घेतला.

पोत्याला गाळाचा आणि गंजाचा वास येत होता.

"हे माझ्या दादाचं सामान," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात तो गेला. गोदीत, पाण्याखाली. आज दुपारी त्याच जागी मला उतरायचंय."

"आधी बस," वहिनी म्हणाल्या. "पाणी पी. मग बोल."

ती बसली, पण पेल्याला हात लावला नाही.

वहिनी खाजगी गुप्तहेर होत्या. सारं शहर त्यांना वहिनीच म्हणे, कारण त्यांचे धाकटे दीर त्यांना तशी हाक मारत, आणि टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून हे दीर सावलीसारखे त्यांच्या मागे असत. डोकं वहिनींचं आणि छत्री भाऊजींची, असा तो कारभार होता. भाऊजींना पोहता येत नसे. बादलीतलं पाणीसुद्धा त्यांना जरा खोलच वाटे.

"मी आणि दादा, दोघंही गोदीत पाणबुड्याचं काम करतो," मुलगी सांगू लागली. "धक्क्याखालचे खांब खरवडायचे, अडकलेल्या दोऱ्या कापायच्या. त्या दिवशी दादा उतरला आणि वर आलाच नाही. ओढून काढला तेव्हा टाकी रिकामी होती. सगळे म्हणतात, हट्टानं मेला. सामान कमी केलं म्हणून मेला. बाबासुद्धा तेच म्हणतात. त्याच्या फोटोकडेही बघत नाहीत."

"आणि तुला काय वाटतं?"

"तेच कळत नाही. मुकादम म्हणतात, तू तरी हवा भरायचं मोठं जॅकेट घाल, दोन टाक्या घे, दिवा घे. सामानानं मारलं असेल तर मी सामान बदलीन. पण..."

"पण माणसानं मारलं असेल, तर?"

मुलीनं मान खाली घातली. "तर कितीही सामान घेतलं तरी काय उपयोग? मला झोप येत नाही. डोळे मिटले की ते पाणी दिसतं."

वहिनींनी पोत्याची गाठ सोडली. "एकेक वस्तू सांग. मी शाळेतली पोर आहे आणि तू बाई, असं समज."

त्या बोलण्यानं मुलीला जरा धीर आला. तिनं वस्तू मांडल्या. पाठीला एक पोलादी पाटी. पाटीतून ओवलेला एकच अखंड पट्टा. एक लहान टाकी, एक नळी, तोंडात धरायचा एक तुकडा. छातीच्या पट्ट्यावर सुरी. बस.

"एवढंच?" भाऊजींनी विचारलं. "माझ्या सहलीच्या पिशवीत याहून जास्त असतं."

"गोदीतलं पाणी म्हणजे चहाचा चोथा, काका. डोळ्यासमोर धरलेला हात दिसत नाही. दिवा लावला तर गाळच चमकतो. खाली खांब, तुटक्या तारा, जुन्या दोऱ्या. अंगावर जे लोंबतं, ते कशात तरी अडकतं. आणि सोडवायला डोळे नसतात, नुसती बोटं. म्हणून दादा म्हणायचा, लोंबतं काही नको. गळ्यात नको, कमरेला नको, पायाला नको. सुरी छातीवर, म्हणजे कुठल्याही हाताला सापडते. बाकी जे लागेल ते पट्ट्याला चपटं बसवायचं, या रबराखाली."

सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या काळ्या चकत्या पट्ट्यावर घट्ट चढवल्या होत्या.

"हा साज नवा?"

"आम्ही दोघांनी मिळून ठरवला. तळ्यात सराव केला. गोदीत तो घालून दादा त्या दिवशी पहिल्यांदाच उतरला."

वहिनींनी पट्ट्यावरून बोटं फिरवत नेली. उजव्या खांद्याखालच्या चकतीशी बोटं थांबली. तिथं लहानसा फुगवटा होता. भाऊजींना वाटलं, पट्ट्याची घडी असेल. वहिनींनी सुरी म्यानातून काढली, पात्यावरून नजर फिरवली, परत ठेवली.

"सुरी म्यानातच होती?"

"हो."

मग त्यांनी रबरी सूट उलगडला. छातीवर आणि पोटावर रेषा उमटल्या होत्या, खडूनं आखल्यासारखे तळहाताएवढे चौकोन.

"डॉक्टर म्हणाले, खांबाला घासला असेल," मुलगी म्हणाली.

वहिनींनी सूट घडी करून परत पोत्यात घातला, आणि पोतं स्वतःच्या हातानं बांधलं. "भाऊजी, छत्री घ्या. हे पोतं तुमच्याजवळ ठेवा. कोणाच्याही हातात द्यायचं नाही, अगदी माझ्यासुद्धा."

गोदीत पोचल्यावर भाऊजी वहिनींच्या दोन पावलं मागेच राहिले. उंच दगडी भिंतींच्या मध्ये ते पाणी पसरलं होतं, काळं, तेलकट, हलकंसं श्वास घेणारं. दगडी पायऱ्या त्यात उतरत गेल्या होत्या आणि तिसऱ्या पायरीनंतर दिसेनाशा होत होत्या. दादाला त्याच पायऱ्यांवर आणून निजवलं होतं.

भाऊजी भिंतीला पाठ लावून उभे राहिले. तिथं एक जुनी लोखंडी जाळी टेकवून ठेवली होती, चौकोनी भोकांची. भाऊजींनी तिच्यात छत्री अडकवली आणि पोतं पोटाशी धरलं.

पाण्याच्या काठाशी एक म्हातारा दोरीची वेटोळी घालत बसला होता. हा दोरीवाला. पाणबुड्याच्या छातीला बांधलेली दोरी वर यानं धरायची. मुलगी त्याला काका म्हणत होती. सख्खे नव्हते, पण दोघा भावंडांना लहानपणापासून त्यांनीच पाण्यात सोडलं आणि बाहेर काढलं होतं.

"काका, त्या दिवशीचं सांगा," वहिनी म्हणाल्या. "हळूहळू. घाई नाही."

"काय सांगू, बाई. पंपाला कुलूप लावलं, किल्ली काढून पोराला दिली, सगळं रीतीप्रमाणं. पाणी थांबलेलं होतं, भरती संपलेली, ओहोटी लागायची. तो उतरला. दोरी मजेत चालली होती, माशाचा गळ खेळावा तशी. आणि एकाएकी जड झाली."

"अडकल्यासारखी?"

म्हाताऱ्यानं विचार केला. "नाही. अडकली की दोरी थांबते. ही ओढली गेली. तीन वेळा हिसका दिला, उत्तर नाही. मी ओढतोय, तो हलत नाही. मी ओरडतोय, पण समोरच्या जहाजाचं इंजिन चालू, कोणाला ऐकू जाणार? पंपवाला पलीकडच्या धक्क्यावर जहाज बांधत होता, दिसत होता मला, पण त्याची पाठ इकडं. ओढता ओढता माझी टोपी पडली पाण्यात. मेली टोपीसुद्धा माझ्याकडे यायची सोडून त्या भिंतीकडे निघाली आणि तिथंच चिकटून बसली."

त्यानं बोट दाखवलं त्या भिंतीच्या वर पंपाची खोली होती.

"मग?"

"मग मुकादम धावत आले. म्हणाले, धरून ठेव, मी माणसं आणतो. गेले. आणि थोड्या वेळानं दोरी आपसूक सैल झाली. पोर वर आलं. पण..." त्यानं हातातलं वेटोळं खाली ठेवलं.

"मुकादम माणसं घेऊन आले?"

"एकटेच आले. कोणी भेटलं नाही म्हणाले. दोघांनी मिळून त्याला पायरीवर घेतला. मी तसाच फाटकाकडे पळालो, फोन करायला. परत येईतो तोंड झाकलं होतं. मी काही बघितलं नाही, बाई. बघवलं नाही."

पंपाच्या खोलीत एक सडपातळ माणूस यंत्राला वंगण घालत होता. वहिनींना बघून त्यानं हात फडक्याला पुसले.

"पंप कशासाठी?"

"कोरडी गोदी उपसायला. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी काढून टाकायचं. खाली पंपाचं तोंड आहे, त्याला जाळी. बाहेर ते साहेब छत्री अडकवून उभे आहेत ना, ती जुनी जाळी. तशीच नवी खाली आहे."

भाऊजींनी घाईघाईनं छत्री काढून घेतली.

"पाणबुडा खाली असताना पंप चालू झाला तर?"

पंपवाल्याचा चेहरा उतरला. "तसलं बोलू नका, बाई. म्हणूनच तर रीत आहे. माणूस पाण्यात, तर किल्ली माणसाबरोबर पाण्यात. पंपाच्या खटक्याला कुलूप, कुलपाला किल्ली एकच. उतरणारा ती सुतळीत ओवून गळ्यात घालतो. तो वर आल्याशिवाय पंप चालू होऊच शकत नाही."

"त्या दिवशी किल्ली त्याच्या गळ्यात होती?"

"होती ना. मी पलीकडून आलो तर मुकादम एकटे त्याच्याशी बसलेले. मला म्हणाले, बघ, किल्ली गळ्यातच आहे, पंपाचा काही संबंध नाही. मी बघितलं. अंग सगळं गाळानं काळंभोर, आणि त्यावर पांढरीधोप सुतळी. अजून डोळ्यांसमोर आहे. मीच ती कापून फौजदारांना दिली. त्यांनी कुलूप उघडून बघितलं, बरोबर लागली. आता तीच किल्ली त्या खिळ्याला आहे."

"सुतळी नवी होती?"

"सुतळीचं काय घेऊन बसलात, बाई," पंपवाला कसनुसा हसला. "माणूस गेला होता."

मुकादम कचेरीत होते. अंगानं भरलेले, आवाजानं मऊ. त्यांनी वहिनींना खुर्ची दिली, भाऊजींना पाणी विचारलं. भाऊजी नको म्हणाले.

"पोरीला समजवा हो जरा," मुकादम म्हणाले. "माझ्या मुलीसारखी आहे. काम अर्धवट राहिलंय, जहाज येऊन थांबलंय, उतरावं तर लागणारच. पण असल्या भिकाऱ्यासारख्या साजात नको. मीही तरुणपणी उतरलोय. आम्ही काय घालायचो माहीत आहे? सुरी पिंढरीला, दिवा कपाळाला, किल्ली गळ्याला, हातोडी कमरेला. नवरदेवासारखे सजून जायचो आणि जिवंत यायचो. यांना नवी खुळं. एवढीशी टाकी, हवा संपली, खेळ खलास."

"हवा संपेपर्यंत तो खाली का थांबला?"

"अडकला असेल."

"कशात?"

"आता पाण्याखालचं मी काय सांगणार, बाई."

"पंप?"

मुकादमांनी दोन्ही हात पसरले. "किल्ली त्याच्या गळ्यात. मग पंप काय भुतानं चालवला?"

बाहेर आल्यावर भाऊजींनी सुस्कारा सोडला. "माणूस बरा वाटला. आणि बोलण्यात चूकही नाही, वहिनी. किल्ली मेलेल्याच्या गळ्यात. कुलूप बंद. इथं कोणी काही करूच शकत नाही."

"बरोबर," वहिनी म्हणाल्या. "फक्त किल्ली फार जास्त बरोबर जागी होती. भाऊजी, फौजदारांना घेऊन या. पळत जा. पाणी थांबायच्या आत, पोरगी उतरायच्या आत."

फौजदार आले तेव्हा मुलगी अर्धी तयार झाली होती. काळा रबरी सूट, पाठीला पाटी, चेहरा कागदासारखा पांढरा. पाणी थबकायला आलं होतं. काठावरचा कचरा कुठंच जात नव्हता. मुकादम हातात मोठं जॅकेट घेऊन उभे होते. दोरीवाले काका आणि पंपवालाही तिथंच होते.

"मुली, जरा थांब," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांनी ऐकावं असं आहे.

"मोरीत पाणी भरा, बूच काढा आणि भोकावर तळहात ठेवा. हात खेचला जातो, सुटता सुटत नाही. ते एवढंसं भोक. आता माणूस गिळेल एवढं भोक घ्या, त्यावर जाळी, आणि मागे कोरडी गोदी उपसणारा पंप. माणूस त्या जाळीवर पोटानं चिकटतो. त्याला काही बांधलेलं नसतं, म्हणून सुरीनं कापण्यासारखंही काही नसतं. सुरी म्यानातच राहते. हवा असेपर्यंत तो जिवंत असतो, आणि सगळं कळत असतं."

वहिनींनी भिंतीशी टेकवलेल्या जाळीकडे बोट केलं.

"त्याच्या सुटावर चौकोन उमटलेत. त्या भिंतीला टेकवलेली जाळी त्यावर ठेवून बघा. पाणी थांबलेलं असताना काकांची टोपी पंपाच्या भिंतीकडे चालत गेली. दोरी अडकली नाही, ओढली गेली. आणि माणसं आणायला गेलेले मुकादम एकटे परत येण्याआधी ती आपसूक सैल झाली. त्या दिवशी पंप चालला, फौजदारसाहेब. मुकादम माणसं आणायला गेले नव्हते. पंप बंद करायला गेले होते."

"पण किल्ली, वहिनी," भाऊजींना राहवलं नाही.

"तिथंच तर आपण सगळे अडकलो. काका, तुम्ही किल्ली पोराला दिलीत. त्यानं ती कुठं ठेवली?"

"मीच ठेवली," काका म्हणाले. "पट्ट्याला, रबराच्या चकतीखाली. म्हणाला, काका, गळ्यात लोंबतं काही नको. उजव्या खांद्याखाली सरकवली."

पंपवाल्यानं चमकून त्यांच्याकडे बघितलं. "अहो, गळ्यात होती. मी सुतळी कापली."

"तुम्ही दोघंही खरं सांगताय," वहिनी म्हणाल्या. "एकमेकांशी कधी बोललाच नाहीत, एवढंच. भाऊजी, पोतं. साहेब, गाठ तुम्हीच सोडा, आणि उजव्या खांद्याखालची चकती तुमच्याच हातानं सरकवा."

फौजदारांनी चकती सरकवली. खाली पट्ट्यावर गंजाचा तांबडा ठसा होता, आणि त्या ठशात रुतून बसलेली एक किल्ली. नखानं खरवडावी लागली.

पंपवाला खोलीत गेला आणि कुलूप घेऊन आला. खिळ्याची किल्ली लावली, कुलूप उघडलं. गंजलेली किल्ली लावली. जरा कुरकुरलं, आणि उघडलं.

"एकच किल्ली असलेल्या कुलपाला दोन किल्ल्या," वहिनी म्हणाल्या. "गंजलेली, ती खाली गेली. दुसरी कधी पाण्यात गेलीच नाही. या गाळातून वर आलेली एक तरी सुतळी मला पांढरी दाखवा. ती त्याच्या गळ्यात पायरीवर घातली गेली. काका फोनला गेलेले, पंपवाला पलीकडे. प्रेताजवळ एकच माणूस होता.

"मुकादम, तुम्ही जुने पाणबुडे. तुम्ही काय बघितलं असेल? पोराच्या गळ्यात किल्ली नाही. तुमच्या काळजाचा ठोका चुकला. लोक विचारतील किल्ली कुठं आहे, मग पंपाकडे बघतील. तुमच्या डोक्यात किल्लीची जागा एकच, गळा. म्हणून चोरून करून घेतलेली आपली किल्ली सुतळीत ओवून तिथं घातलीत. खरी किल्ली पट्ट्यावरच्या चकतीखाली असेल, हे मनातही आलं नाही, कारण हा साज तुम्ही कधी नीट बघितलाच नव्हता. काही केलं नसतंत, तर मी आज काही सिद्ध करू शकले नसते."

"ही पोरगीच आत्ता ठेवून आली असेल ती," मुकादम म्हणाले. आवाज अजून मऊच होता.

"तुमच्या कुलपाची किल्ली तिला कुठून मिळाली? आणि तो गंज एका सकाळीत चढवायची युक्ती मलाही शिकवा."

मुकादमांच्या हातातलं जॅकेट खाली गळून पडलं. ते पायरीवर बसले.

"मला वाटलं, तो लांबच्या खांबाशी असेल," ते म्हणाले. "जहाजवाले डोक्यावर बसले होते, गोदी लवकर उपसा म्हणून. थोडाच वेळ चालवणार होतो. असं किती वेळा केलंय. कधी कोणाला काही झालं नाही."

मुलगी एक पाऊल पुढे आली. "किती वेळा? मी खाली असताना?"

मुकादम पाण्याकडे बघत राहिले.

"मुकादम, मी खाली असताना?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असतं तर भाऊजींना इतकी भीती वाटली नसती.

फौजदार त्यांना घेऊन गेले. जाण्याआधी पंपाची वीज तोडली, खोलीला सील ठोकलं आणि दाराशी शिपाई बसवला.

"आता घरी जा, बाळ," वहिनी म्हणाल्या. "तुझ्या बाबांना सांग, पोराच्या साजात खोट नव्हती. आज उतरायला तुला कोणी सांगत नाही."

मुलगी पाण्याकडे बघत उभी होती.

"आज नाही उतरले, तर परत कधी उतरणार नाही," ती म्हणाली. "मग मी बाबांना काय सांगू? की साज चांगला होता, पण मी घातला नाही?"

"भीती वाटते ना?"

"खूप."

"मग हळू जा."

तिनं पट्टा ओढून घट्ट केला. छातीवरच्या सुरीला आधी डावा हात लावला, मग उजवा. दोन्ही हात पोचले. जॅकेट पायरीवर पडलं होतं, ते तिनं ओलांडलं. काकांनी दोरी बांधली. त्यांची बोटं ऐकत नव्हती, गाठ दोनदा सुटली. तिनं गाठ स्वतः मारली नाही. काकांची बोटं जमवून घेईपर्यंत ती थांबली.

मग ती एकेक पायरी उतरत गेली. पाणी गुडघ्याला आलं, छातीला आलं, आणि डोक्यावरून मिटलं.

भाऊजी केव्हा भिंत सोडून काठावर येऊन उभे राहिले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. खाली काही दिसत नव्हतं. फक्त तिच्या श्वासाचे बुडबुडे वर येत होते आणि हळूहळू भिंतीच्या कडेनं सरकत होते. ते पंपाच्या खोलीखाली आले आणि तिथं थांबले.

काकांनी दोरीवरची पकड आवळली. बुडबुडे एकाच जागी येत राहिले, येत राहिले. ती तिथं काय चाचपत असेल, जाळीवर हात ठेवून किती वेळ उभी असेल, ते वरून कोणाला कळणं शक्य नव्हतं.

मग दोरीला एक हलका हिसका बसला. काकांनी तसाच एक परत दिला.

बुडबुडे पुढे सरकले, पहिल्या खांबाकडे. थोड्या वेळानं लोखंडावर लोखंड खरवडल्याचा आवाज पाण्यातून वर यायला लागला.